वैद्यकीय अध्यापकांचा मूलभूत अभ्यासक्रम आणि वर्षभराची व्याख्यानमाला : एक उशिराचा अभिप्राय

मराठवाड्यातील ज्या वैद्यकीय महाविद्यालयात मी शिकवते, तेथील वैद्यकीय शिक्षण विभागाने, ज्याला आम्ही सगळे नुसते ‘एमईयू’ म्हणतो, गेल्या वर्षी अध्यापकांसाठी तीन दिवसांचा मूलभूत अभ्यासक्रम घेतला आणि त्यानंतर वर्षभर, महिन्यातून एका गुरुवारी दुपारी तीन ते चार, अशी व्याख्यानमाला चालवली. अभ्यासक्रमाला मी पूर्ण वेळ उपस्थित होते. व्याख्यानांपैकी तीन सोडून बाकी सगळी ऐकली, आणि ती तीन चुकली त्याला कारण वॉर्ड होता, कंटाळा नव्हे. वर्ष उलटून गेल्यावर हे लिहायला घेण्याचे कारण असे, की शेवटच्या दिवशी चहाच्या आधी घाईघाईने भरून घेतलेल्या अभिप्रायाच्या कागदावर मी सगळ्या रकान्यांत ‘उत्कृष्ट’ या शब्दापुढे खूण केली होती आणि ती खूण आज मला मान्य नाही. काही सत्रे त्या शब्दात मावणार नाहीत इतकी चांगली होती आणि काही त्या शब्दाच्या आसपासही नव्हती.

मी मेडिसिन विभागात सहायक प्राध्यापक आहे आणि या अभ्यासक्रमाला शिक्षणशास्त्राच्या ओढीने गेले होते असे म्हटले, तर माझ्याच विभागातील लोक हसतील. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अध्यापक पात्रता नियमांनुसार सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी दोन गोष्टी पूर्ण असाव्या लागतात : वैद्यकीय शिक्षणतंत्राचा मूलभूत अभ्यासक्रम आणि जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम. दुसरा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेतर्फे ऑनलाइन होतो आणि तो मी रात्री मुले झोपल्यावर जेवणाच्या टेबलावर बसून पूर्ण केला होता. पहिल्यासाठी मात्र समोर जाऊन बसावे लागते. एका तुकडीत साधारण तीस जणांनाच घेतात, आणि त्या तिसांपैकी बहुतेक माझ्यासारखेच, बढतीच्या फाइलीत एक कागद कमी पडतो म्हणून आलेले होते. ज्येष्ठ मंडळींपैकी एका सरांनी तर पहिल्याच सकाळी, ‘पंचवीस वर्षे शिकवतोय, आता हे मला शिकवणार कसं शिकवायचं ते,’ असे पुरेशा मोठ्या आवाजात म्हणून घेतले.

त्यांचे म्हणणे सभागृहात कोणाला फारसे खटकले नाही, पण ते बरोबर नव्हते. एमडी होताना आम्हांला रोगी तपासायला शिकवतात. शिकवायला कसे, हे कोणी शिकवत नाही. आपल्या सरांनी जसे शिकवले तसे आपण शिकवतो, आणि सरांच्या चुकाही आपण तितक्याच निष्ठेने पुढे नेतो. दरम्यान अभ्यासक्रम बदलला. २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला, ज्यात पदवीधराने केवळ निदान व उपचार करणारा डॉक्टर असून भागत नाही. त्याने संघाचा घटक आणि नेता, संवाद साधणारा, आयुष्यभर शिकत राहणारा आणि व्यावसायिक नीती पाळणारा असावे, अशा पाच भूमिका स्पष्ट लिहिल्या आहेत. एकूण वेळेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त वेळ निव्वळ व्याख्यानांत जाऊ नये, असेही त्यात आहे. मराठवाड्यात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. १९५६ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत शासकीय महाविद्यालय सुरू झाले, मग अंबाजोगाई, नांदेड, लातूर अशी ती एकेक करत दशकांच्या अंतराने वाढत गेली. अलीकडच्या काही वर्षांत मात्र धाराशिव, परभणी, हिंगोली आणि जालना अशी चार शासकीय महाविद्यालये पाठोपाठ उभी राहिली आहेत. तेथे शिकवणाऱ्यांत नुकतेच पदव्युत्तर शिक्षण संपवून आलेले पुष्कळ आहेत आणि त्यांच्या शेजारी बसून ‘असं नाही, असं शिकव’ म्हणणारे ज्येष्ठ थोडे.

पहिला दिवस मात्र निराशेचा गेला. ‘संवादी व्याख्यान कसे द्यावे’ या विषयावरील सत्र सव्वा तास चालले आणि त्या सव्वा तासात वक्त्यांनी सभागृहाला एकही प्रश्न विचारला नाही. पडद्यावर एकामागून एक स्लाइड सरकत होत्या, प्रत्येकीवर आठ-दहा ओळी, आणि वक्ते त्या ओळी आम्हांला वाचून दाखवत होते. शेजारी बसलेल्या भूलतज्ज्ञ मॅडमनी वहीच्या कोपऱ्यात लिहून माझ्याकडे सरकवले, ‘याला कोणता डोस म्हणायचा?’ याच सत्रात व्याख्यानाच्या पंधराव्या-विसाव्या मिनिटानंतर श्रोत्यांचे लक्ष उडते, असे वक्त्यांनी सांगितले तेव्हा पंचेचाळिसावे मिनिट चालू होते. शिकवण्याविषयीच्या व्याख्यानाचा एक तोटा असतो : वक्ता जे सांगतो ते त्याच्याच अंगाशी ताबडतोब पडताळून पाहता येते. आयोजकांनी निदान हे सत्र कोणाकडे द्यायचे याचा विचार करायला हवा होता.

दुपारच्या जेवणाला भाकरी, पिठले आणि शेंगदाण्याचा ठेचा होता आणि जेवण उत्तम होते, परंतु पिठलं-भाकरीनंतर दोन वाजता ब्लूमचे वर्गीकरण, म्हणजे शिकण्याच्या उद्दिष्टांची पातळीवार मांडणी, ठेवणे हा निर्णय ज्याने घेतला त्याने दोन्हींवर अन्याय केला. तरीही ते सत्र वाचले, कारण ते व्याख्यान नव्हते. पाच-पाच जणांचे गट करून प्रत्येक गटाला एका विषयाचे उद्दिष्ट लिहायला सांगितले. आमच्या गटाला पायावरची सूज आली. आम्ही लिहिले, ‘विद्यार्थ्याला पायावरच्या सुजेची कारणे समजतील.’ सत्र चालवणाऱ्या मॅडम आल्या, ‘समजतील’ या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि विचारले, ‘समजलं की नाही, हे तुम्ही कसं बघणार?’ आम्ही ‘जाणून घेतील’ लिहिले. पुन्हा लाल रेघ. तिसऱ्या खेपेला कोठे, ‘दोन्ही पायांवर सूज असलेला रुग्ण दिल्यावर विद्यार्थी दाबून खड्डा पडतो का ते तपासेल, आणि हृदय, यकृत व मूत्रपिंड यांपैकी कशाकडे बोट जाते ते लक्षणांच्या आधारे सांगेल,’ अशा वाक्यावर आम्ही पोचलो. एका क्रियापदासाठी वीस मिनिटे गेली. पण त्यानंतर मी आजवर तयार केलेल्या सगळ्या पाठांच्या पहिल्या स्लाइडवर ‘समजेल’, ‘माहीत होईल’, ‘ओळख होईल’ हेच शब्द आहेत, हे माझ्या लक्षात आले, आणि ते लक्षात येणे फारसे सुखावह नव्हते.

या अभ्यासक्रमातले जे सत्र मला सर्वांत मोलाचे वाटले, ते दुसऱ्या दिवसाचे मायक्रोटीचिंग. ही पद्धत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या आरंभी शाळाशिक्षकांसाठी तयार झाली. तिचे तत्त्व साधे आहे : थोडे विद्यार्थी, थोडा वेळ, एकच कौशल्य, लगेच अभिप्राय आणि लगेच पुन्हा प्रयत्न. आम्हांला प्रत्येकी सात मिनिटे होती, समोर सहा सहकारी विद्यार्थी बनून बसलेले होते आणि एका स्टँडवर लावलेल्या मोबाइलवर चित्रण चालू होते. मी प्लीहा (पानथरी) हाताने तपासण्याचा विषय घेतला, कारण तो मी वर्षानुवर्षे शिकवत आले आहे आणि त्यात चुकण्यासारखे काही नाही अशी माझी खात्री होती.

मग ते चित्रण मला दाखवले. पहिले दीड मिनिट मी विद्यार्थ्यांशी नव्हे, भिंतीवरच्या पडद्याशी बोलत होते. कॅमेऱ्यात माझी वेणी दिसत होती. शरीररचनाशास्त्राच्या एका सरांनी कागदावर उभ्या रेघा ओढून मोजले होते, की सात मिनिटांत मी ‘समजलं ना?’ असे अकरा वेळा विचारले आणि त्यांपैकी एकदाही उत्तरासाठी थांबले नाही. ‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘तुम्ही विचारता तेव्हा “नाही” म्हणायला जागाच नसते.’ अभिप्रायाचा क्रम ठरवून दिलेला होता : आधी शिकवणाऱ्याने स्वतः काय बरे झाले ते सांगायचे, मग गटाने काय बरे वाटले ते सांगायचे, त्यानंतर काय बदलता येईल ते आधी शिकवणाऱ्याने आणि शेवटी गटाने. पेंडल्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा क्रम काहींना कृत्रिम वाटला आणि थोडा आहेही. पण आपल्याकडे चुका सांगायच्या तर थेट सगळ्यांसमोर झापायचे किंवा काहीच बोलायचे नाही, अशा दोनच रीती रुळलेल्या असताना, या क्रमामुळे एका प्राध्यापकाला दुसऱ्या प्राध्यापकाचे दोष सांगता आले आणि चहाला दोघे एकत्र बसू शकले, ही गोष्ट लहान नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तीच सात मिनिटे पुन्हा दिली. या वेळी मी पडदा बंद ठेवला, एका सहकाऱ्याला टेबलावर निजवले आणि सुरुवातीलाच विचारले, ‘हात उजव्या ओटीपोटापासून का सुरू करायचा? डाव्या फासळीखाली थेट का नाही घालायचा?’ आणि गप्प राहिले. ती शांतता मला फार लांब वाटली. चित्रणात पाहिली तेव्हा ती सहा सेकंदांची निघाली. सहा सेकंदांनंतर शरीरक्रियाशास्त्राच्या एका तरुण डॉक्टरने, जिने एमबीबीएसनंतर पोटाला हात लावला नव्हता, बरोबर उत्तर दिले : प्लीहा फार वाढलेली असेल, तर वर सुरू केलेला हात तिच्यावरच टेकलेला राहील आणि तिची कड कधी लागणारच नाही. ती गोष्ट मी दर वर्षी स्वतः सांगून टाकत होते. या एका सत्रासाठी तीन दिवसांची सुटी, बाकीची सगळी व्याख्याने आणि ते पंचेचाळिसावे मिनिट, सगळे वसूल झाले, असे मी आज म्हणेन. पंचवीस वर्षे शिकवणाऱ्या त्या सरांनीही आपले चित्रण दोनदा पाहिले आणि मागितल्यावर पेनड्राइव्हवर घेऊन गेले.

मूल्यमापनाचा भागही चांगला होता, मात्र तो अर्धाच जमला. बहुपर्यायी प्रश्नांच्या विश्लेषणासाठी प्रत्येकाने आपल्याच विभागाची जुनी प्रश्नपत्रिका आणि उत्तरांचा तक्ता आणायचा होता, ही कल्पना ज्याची असेल त्याला दाद द्यायला हवी. वरच्या आणि खालच्या गटातील विद्यार्थ्यांनी किती प्रमाणात बरोबर उत्तरे दिली यावरून प्रश्न किती अवघड आहे आणि तो हुशार व कच्चा विद्यार्थी वेगळा ओळखू शकतो का, हे साध्या गणिताने काढता येते. माझ्या एका प्रश्नाचा भेदनिर्देशांक उणे निघाला. म्हणजे खालच्या गटाने तो वरच्या गटापेक्षा अधिक बरोबर सोडवला होता. मधुमेही रुग्णाच्या रक्तदाबावर पहिले औषध कोणते, असा तो प्रश्न होता आणि पर्यायांत एसीई इनहिबिटर आणि एआरबी हे दोन्ही, तितकेच बरोबर ठरणारे औषधगट होते. ज्यांनी मनापासून वाचले होते ती मुले त्या दोहोंत अडकून विभागली गेली. ज्यांनी वाचले नव्हते त्यांना दोन बरोबर उत्तरांचा घोळ दिसलाच नाही. दोन वर्षे तो प्रश्न मी परीक्षेत ठेवला होता आणि त्यावर हुशार मुलांचे गुण कापले होते.

ऑस्की, म्हणजे स्थानकास्थानकांवर फिरत द्यायच्या वस्तुनिष्ठ प्रात्यक्षिक परीक्षेचे सत्र तर प्रत्यक्ष मांडून दाखवले गेले. रोनाल्ड हार्डेन यांनी स्कॉटलंडमधील डंडी येथे १९७५ मध्ये मांडलेली ही पद्धत आता सगळ्यांच्या तोंडी असते, पण आपल्याकडे तिचे बहुधा दोन टेबले आणि एक क्ष-किरण फिल्म एवढेच होते. येथे आठ स्थानके होती, प्रत्येकी पाच मिनिटे, घंटा वाजली की पुढे. त्यांपैकी एका स्थानकावर रुग्ण म्हणून आमच्या वॉर्डातील एक मावशी बसल्या होत्या. त्यांना कथा आदल्या दिवशी वाचून दाखवली होती : काल संध्याकाळपासून वरच्या पोटात दुखते, उलट्या होतात, कळ पाठीकडे जाते. विद्यार्थी म्हणून बसलेल्या एका सहयोगी प्राध्यापकांनी सवयीने सुरुवात केली. मावशी म्हणाल्या, ‘काल सांजच्यापून पोट दुखायलंय सायब, अन् जीव कालवायलाय.’ सरांनी विचारले, ‘पेन रेडिएट होतंय का? बॅकला वगैरे?’ मावशींनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, ‘काय म्हणायलाव सायब?’

सभागृह हसले, पण मावशी अभिनय करत नव्हत्या. परीक्षकाच्या तपासयादीत ‘रुग्णाला समजेल अशा भाषेत प्रश्न विचारले’ असे एक कलम होते आणि सरांना त्यात शून्य मिळाले. कळ कोठे जाते हा प्रश्नच पोचला नाही म्हणून त्यापुढच्या कलमातही शून्य. पाच मिनिटे संपल्यावर सत्रप्रमुखांनी मावशींना विचारले, की डॉक्टरांनी कसे विचारायला हवे होते. ‘कळ मागं पाठीत जाती का, असं इचारलं असतं तर मी सांगितलं असतं की,’ असे त्या म्हणाल्या. संवादकौशल्यावर मी जेवढे ऐकले आणि वाचले आहे, त्यात याहून नेमके काही आठवत नाही. आमच्याकडे शिकायला येणारी मुले सगळ्या महाराष्ट्रातून येतात, काही बाहेरच्या राज्यांतूनही येतात. ‘दुखायलंय’, ‘येऊलालंय’ ही क्रियापदे त्यांच्या कानांना नवी असतात आणि ‘जीव कालवणे’ म्हणजे मळमळ हे त्यांना कोणी सांगत नाही. तीन दिवसांत भाषेविषयी स्वतंत्र सत्र एकही नव्हते. हा प्रश्न मावशींनी योगायोगाने समोर आणला म्हणून आला, एवढेच. शेवटी वाटलेल्या पत्रिकेवर त्या स्थानकाच्या मार्गदर्शकांची नावे होती. त्यांत मावशींचे नाव नव्हते.

व्याख्यानमालेचे काय, याविषयी थोडे सावध लिहायला हवे, कारण तिचा दर्जा महिन्यागणिक बदलत होता. सर्वांत उपयोगी ठरले ते वॉर्डात आणि अपघात विभागात उभ्या उभ्या शिकवण्याविषयीचे व्याख्यान. ‘एक मिनिटाचा मार्गदर्शक’ म्हणून ओळखली जाणारी ही रीत १९९२ मध्ये अमेरिकेतील कुटुंबवैद्यक शिक्षकांनी मांडली. तिच्यात पाच पायऱ्या आहेत : विद्यार्थ्याकडून त्याचे मत वदवून घ्यावे, त्या मताला आधार काय ते विचारावे, एक सर्वसाधारण नियम सांगावा, जे बरोबर केले ते नाव घेऊन सांगावे आणि जे चुकले ते सुधारावे. व्याख्याते चाळीस मिनिटांतच थांबले, आम्हांला दोघा-दोघांच्या जोड्या करून ती रीत वापरायला लावली आणि घरी पाठवले.

पावसाळ्याचे दिवस होते आणि त्याच आठवड्यात तिचा उपयोग झाला. पहाटे एका शेतमजूर बाईला आणले होते. रात्री जमिनीवर झोपलेली, पहाटे पोटात कळ, उलटी, आणि आता डोळे अर्धे मिटलेले. अंगावर चाव्याची खूण सापडत नव्हती आणि नातेवाईक अन्नातून विषबाधा म्हणत होते. एरवी मी इंटर्नच्या हातातला कागद घेऊन निदान सांगून टाकले असते. या वेळी विचारले, ‘तुला काय वाटतं?’ तो चाचरत म्हणाला, ‘मण्यार?’ ‘कशावरून?’ ‘पापण्या पडल्यात. जमिनीवर झोपली होती. पोट दुखतंय.’ मी नियम सांगितला : मण्याराचा दंश बहुधा रात्री, झोपेत होतो, वेदना आणि सूज जवळजवळ नसते, म्हणून खूण नाही यावरून साप नाही असे ठरवायचे नाही, पोटदुखी आणि पडलेल्या पापण्या एकत्र आल्या की श्वासाकडे पाहायचे. मग जे बरोबर केले ते सांगितले. आणि वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीसाठी त्याने काचेऐवजी प्लॅस्टिकची नळी घेतली होती, ती बदलायला लावली. सगळे मिळून दोन-तीन मिनिटे लागली आणि तेवढ्यात प्रतिविषाच्या दहा कुप्या लावायची तयारी परिचारिकांनी केली होती. त्या इंटर्नने नंतर पुढच्या रात्रपाळीच्या इंटर्नला हेच सारे, याच क्रमाने समजावून सांगताना मी ऐकले. माझ्या दृष्टीने त्या गुरुवारच्या व्याख्यानाचे मूल्यमापन तेथे झाले.

याच्या उलट टोकाला वाईट बातमी कशी सांगावी यावरचे व्याख्यान होते. वृत्ती, नीती आणि संवाद यांचा घटक २०१९ च्या तुकडीपासून अभ्यासक्रमात आला आहे आणि तो आवश्यकच आहे. वक्त्यांनी प्रसिद्ध सहा पायऱ्यांची पद्धत नीट समजावली : एकांत साधा, रुग्णाला काय ठाऊक आहे ते विचारा, किती जाणून घ्यायचे आहे ते विचारा, आणि असेच पुढे. पण सगळी उदाहरणे अशा दवाखान्यांतली होती जिथे खोलीचे दार बंद करता येते आणि रुग्ण एकटा खुर्चीत बसलेला असतो. आमच्या वॉर्डात दोन खाटांमध्ये स्टूल ठेवायला जागा नसते आणि एका रुग्णामागे चार नातेवाईक असतात. मागून एका शल्यचिकित्सकांनी विचारले, ‘थोरला मुलगा बाहेर गाठून हात जोडतो, “आमच्या म्हातारीला काही सांगू नका” म्हणतो. म्हातारी आत विचारते, “डॉक्टर, मला काय झालंय?” त्या वेळी काय करायचं?’ तासाभरात यापेक्षा चांगला प्रश्न विचारला गेला नव्हता. वक्त्यांनी तो शेवटी घेऊ म्हणून सांगितले आणि शेवट आभारप्रदर्शनात गेला. हे उत्तर सोपे नाही, हे मी जाणते. म्हणूनच त्यावर तासभर बोलायला हवे होते आणि ती सहा पायऱ्यांची यादी एका पानावर छापून वाटली असती तरी चालले असते.

संशोधनाविषयीचे व्याख्यान त्या मानाने बरे होते, विशेषतः पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांविषयीचा भाग. बढतीसाठी शोधनिबंध लागतो आणि असे आमंत्रण देणारी पत्रे रोज येतात, त्यामुळे तो इशारा हवाच होता. वक्त्यांनी जालना जिल्ह्यातील देहेडमध्ये जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे उदाहरण दिले, ज्यांनी कोकणात रुग्ण तपासता तपासता विंचूदंशावरील प्राझोसिन या औषधाचे काम केले आणि ते ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोचवले. उदाहरण सगळ्यांना माहीत असूनही सभागृहात चलबिचल झाली, कारण त्याआधी अर्धा तास आम्ही निधी, प्रयोगशाळा आणि वेळ यांचा अभाव मोजत बसलो होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवरील व्याख्यान म्हणजे निरनिराळ्या ॲपची यादी होती. ताणतणाव व्यवस्थापनावरचे मी अर्धवट सोडले, कारण वॉर्डातून फोन आला, आणि त्या फोनचा मला राग आला नाही.

व्यवस्थेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. शुल्क नव्हते, कागदपत्रे वेळेवर मिळाली, महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे गुण नोंदले गेले. डॉक्टर म्हणून नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत तीस गुण जमवावे लागतात, त्यांना तेवढाच हातभार. गुरुवारची दुपारची वेळ मात्र चुकीची आहे. ओपीडी लांबली की मेडिसिन आणि सर्जरीचे लोक पोचत नाहीत, त्यामुळे रुग्णाशेजारी शिकवण्याचे व्याख्यान ऐकायला प्रामुख्याने जे रुग्णाशेजारी शिकवत नाहीत तेच बसलेले असतात. बाहेरगावच्या महाविद्यालयांतून तीन दिवसांसाठी आलेल्यांची निवासाची सोय झाली, पण कामावरून सोडण्याची पत्रे उशिरा निघाल्याने दोघे जण पहिल्या दिवशी दुपारी उगवले. पूर्ण उपस्थितीशिवाय प्रमाणपत्र नाही, असे निरीक्षकांनी स्पष्ट सांगितल्याने त्यांना पुढच्या तुकडीची वाट पाहावी लागली. नियम योग्य आहे, परंतु पत्र ज्याच्या टेबलावर अडले होते, त्याला त्याची झळ बसली नाही.

माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. प्रशिक्षणाचे मूल्यमापन करण्याच्या, किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्या आम्हांला याच अभ्यासक्रमात शिकवल्या गेल्या : सहभागींना कसे वाटले, ते काय शिकले, त्यांच्या वागण्यात काय बदलले आणि अखेर परिणाम काय झाला. आणि हे शिकवून झाल्यावर आमच्याकडून जो कागद भरून घेतला, तो पहिल्या पातळीवर सुरू होऊन तेथेच संपत होता. जेवण कसे होते, हा प्रश्न त्यात होता. त्यानंतर वर्षभरात माझा एकही वर्ग किंवा क्लिनिक पाहायला कोणी आले नाही. मायक्रोटीचिंगमध्ये सहा सेकंद थांबायला शिकलेली मी दिवाळीपर्यंत पुन्हा ‘समजलं ना?’ म्हणू लागले होते, हे मला एका विद्यार्थिनीच्या वहीच्या कडेला ओढलेल्या उभ्या रेघांवरून कळले. एमईयूने तीन महिन्यांनी एका सहकाऱ्याला प्रत्येकाच्या एका वर्गात मागच्या बाकावर बसवले आणि त्याच पेंडल्टनच्या क्रमाने दहा मिनिटे बोलायला लावले, तर त्यासाठी ना निधी लागतो, ना बाहेरचा वक्ता. समन्वयकांना मी हे लेखी कळवले आहे.

ज्यांना हा अभ्यासक्रम करायचा आहे त्यांनी आपल्या एमईयू समन्वयकांकडे लवकर नाव द्यावे, आपल्याच विषयाची एक जुनी प्रश्नपत्रिका उत्तरतक्त्यासह सोबत न्यावी आणि मायक्रोटीचिंगसाठी आपल्याला सगळ्यात सोपा वाटणारा विषय निवडावा. पहिल्या दिवसावरून मत बनवू नये. व्याख्यानमालेचे वेळापत्रक आधी मागून घ्यावे आणि ज्या सत्रात करून पाहायचे आहे तेवढीच निवडावीत.

मी स्वतः आता महिन्यातल्या एका शनिवारी, राउंड संपल्यावर, माझ्या पोस्टिंगमधल्या सहा मुलांसाठी एक स्थानक मांडते. पाच मिनिटे, एक तपासयादी, घंटेऐवजी मोबाइलचा गजर, आणि रुग्ण म्हणून त्याच मावशी. यादीत आता मावशींनी सुचवलेली दोन कलमे आहेत : खाटेजवळ आल्यावर नाव विचारले का, आणि पोटाला हात लावण्यापूर्वी तो चोळून गरम केला का. परवा नवी तुकडी आली तेव्हा त्या पदर खोचत खाटेवर बसल्या आणि मला विचारते झाल्या, ‘यंदा पोट करायचंय का छाती, म्याडम?’